गढीचा कडा

आमचं घर गढीच्या अगदी कडेला होतं. गढी म्हणजे गोदावरीकाठची मातीची टेकडी. तिच्या पोटात जुनं नाशिक पुरलंय आणि डोक्यावर आम्ही राहायचो. एका पावसाळ्यात कडा ढासळला आणि मागची मोरी खाली गेली. तेव्हापासून घरात साधं भांडं पडलं तरी मी दाराबाहेर धावायचे.

नदीपलीकडे पंचवटीत बहिणीकडे दोन खोल्या रिकाम्या होत्या. रोज नवऱ्याच्या मागे लागायचे, चला म्हणून. हे ढिम्म हलेनात. त्यात कॉलेजच्या एक मॅडम विद्यार्थी घेऊन तो पडका कडा बघायला आल्या. आमच्या घराखाली म्हणे दोन हजार वर्षांपूर्वीच्या चुलीची राख होती. पोरं फोटो काढत सुटली. कडा पडला म्हणून राख दिसली, याचा त्यांना केवढा आनंद. माझं डोकंच फिरलं.

आणि आमचे हे तर हरभऱ्याच्या झाडावरच चढले. "ऐकलंस? दोन हजार वर्षं माणूस इथून हलला नाही. मी कशाला हलू?" येईल त्याला कडा दाखवत बसायचे.

शेवटी मी मॅडमनाच गाठलं. म्हटलं, "आग तुम्ही लावलीत, आता तुम्हीच विझवा."

त्यांनी ते हसण्यावारी नेलं नाही. ह्यांना खाली घेऊन गेल्या, मागोमाग मी. राखेच्या वर पिवळट मातीचा जाड पट्टा होता. त्यात खापर नाही, कोळसा नाही, काहीच नाही.

"इथे बराच काळ कोणी राहत नव्हतं," मॅडम म्हणाल्या. "वस्ती पुन्हा झाली ती नंतर."

"मग आधीचे गेले कुठे?" ह्यांनी विचारलं.

"ते नाही सांगता येत. गेले, एवढंच कळतं."

हे त्या पट्ट्यावर हात ठेवून उभे राहिले. मला वाटलं, चला, जिंकले एकदाची. पण जेवताना ह्यांनी अर्धं ताट तसंच बाजूला सारलं. "बहिणीला हो म्हण," एवढंच बोलले.

आता आम्ही पंचवटीत राहतो. भिंती पक्क्या आहेत, तरी ह्यांचा जीव इथे लागत नाही. गढीवरच्या आमच्या बंद दारावर ह्यांनी खडूने इथला पत्ता लिहिलाय. सगळ्यांकडे आमचा फोन नंबर आहे, कोणाला हवाय पत्ता? पण पावसाने अक्षरं पुसली की हे नदी ओलांडून पुन्हा लिहून येतात. मी चिडायचे, वेड लागलंय म्हणायचे.

परवा हे तापाने फणफणले होते आणि बाहेर पाऊस. उघडीप झाल्यावर खडू घेऊन मीच गेले.