पाटीवरचं टिंब

गळ्यात कॅमेरे अडकवून चौकात हिंडणाऱ्या पाहुण्यांचा मला मनस्वी तिटकारा आहे, हे आधीच सांगून टाकते. त्यांना म्हणे आमच्या शहराची संस्कृती बघायची असते. बघतात काय, तर गोऱ्या साहेबाने बांधलेला घड्याळाचा मनोरा आणि त्याच्या कमानीतली संगमरवरी पाटी. त्याच कमानीत आमचा गाळा आहे. बाबा पाथरवट, दारावरच्या पाट्या कोरतात. मीही त्यांच्या हाताखाली तेच शिकले.

मनोऱ्याच्या पाटीवर लिहिलंय, 'साहेबांनी या शहराची अहोरात्र चिता केली.' हवं होतं 'चिंता'. एक टिंब राहिलं. पाटी माझ्या आजोबांनी कोरलेली. गाईड दिवसातून चारदा तिच्यासमोर उभा राहून सांगतो, "कोरणारा अंगठाछाप होता हो! काळजी घेणाऱ्या साहेबाला शहर पेटवायला लावलं बघा!" की पाहुणे खो खो हसतात. बाबा दोन हातांच्या अंतरावर बसून छिन्नी चालवत असतात. मान वर करत नाहीत.

काळजी कसली डोंबलाची! साथ आली तेव्हा त्या साहेबाने आमची आख्खी आळी रॉकेल ओतून जाळली, सामानसुमानासकट. आजोबांचं घर त्यातच गेलं. हे गाईड सांगत नाही. आजोबाही कधी त्यावर बोलले नाहीत. चार वर्षांनी पाटीचं काम आलं, ते त्यांनी मुकाट्याने केलं.

त्या एका टिंबाने बाबांना जन्मभर छळलं. शाळेत पोरं त्यांना 'टिंब्या' म्हणायची. अजूनही कुणी तशी हाक मारली, तर बाबा ऐकूच आलं नाही असं करतात. पाटी कोरण्याआधी मजकूर तीनदा वाचतात, मला वाचायला लावतात, गिऱ्हाइकाला मोठ्यांदा वाचायला लावतात. एकदा मी 'दंतवैद्य'मधलं टिंब विसरले, तर आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

गेल्या महिन्यात नगरपालिकेच्या कचेरीतला अधिकारी आला. "साहेबांचा पणतू येतोय शहर बघायला. त्याआधी टिंब कोरून टाका, म्हातारबा. नाहीतर गाळा रिकामा करा."

त्याचं थोबाड फोडावंसं वाटलं मला. बाबा मात्र हरखून गेले. "बापाची चूक माझ्या हाताने निस्तरतो. मग डोळे मिटले तरी चालेल," म्हणाले, आणि छिन्नीला धार लावायला बसले.

ठरल्या दिवशी सकाळी शिडी लागली. अधिकारी आला, गाईड आला, दहाबारा पाहुणे मोबाईल उंचावून उभे. तमाशाच! मी शिडी धरली. बाबांनी 'चि'वरची धूळ ओल्या फडक्याने पुसली, बोट फिरवलं आणि थांबले. मग छिन्नीच्या टोकाने हलकेच खरवडलं. एक पांढरी खपली खाली पडली आणि मागे टिंबाएवढा खड्डा उघडा पडला. मी ती चिमटीत चुरली. लाखेत कालवलेली संगमरवराची पूड. चुकलेलं अक्षर आम्ही असंच बुजवतो.

"पोरी," बाबा वरूनच म्हणाले. "लाख तापव. वर दे."

मी तापवून दिली. त्यांनी तो खड्डा पुन्हा भरला, घासून पाटीशी एकजीव केला आणि सावकाश उतरले.

"झालं का?" अधिकाऱ्याने विचारलं.

"टिंब होतंच," बाबा म्हणाले. "माझ्या बापाने ते कोरलं, तुमच्या साहेबाकडून पास करून घेतलं आणि मग बुजवलं. त्याला जे लिहायचं होतं, तेच त्याने लिहिलंय. मी हात लावणार नाही. दुसरा पाथरवट शोधा."

"अहो, पण..." गाईड मध्ये बोलला.

"तू गप रे! उद्यापासून आळी कुणी जाळली तेही सांगत जा."

"शनिवारी गाळा खाली पाहिजे," अधिकारी खेकसला.

"करतो."

शनिवारी हातगाडीवर हत्यारं आणि दगड भरले. मला राहून राहून रडू येत होतं. माझं सगळं लहानपण त्या कमानीत गेलेलं. कोपऱ्यावरचा घड्याळजी, बाबांचा शाळेतला सोबती, दुकानातूनच ओरडला, "टिंब्या, निघालास का रे?"

मी शिवी हासडायला वळले. त्याआधीच बाबांनी गाडी थांबवली.

"ओ," ते म्हणाले. "निघालो."