टिंबाचं बटण

माझा स्वभाव मुळातच संशयी. बायको म्हणते, दूध उतू गेलं तर इतर माणसं गॅस बंद करतात, तुम्ही आधी तो मोठा कोणी केला ते विचारता. खोटं नाही. अमेरिकेत एडिसन गावातल्या एका कंपनीत प्रोग्रामर म्हणून लागलो तेव्हा हा स्वभाव कामाला येईल असंच मला वाटलं होतं.

ऐंशीच्या दशकाचा मधला काळ. कोणता माल कुठल्या गोदामात आहे हे सांगणारा आमचा प्रोग्रॅम होता आणि त्यातल्या एका फील्डचं, म्हणजे माहितीच्या एका रकान्याचं, नाव बदलायचं काम माझ्याकडे आलं. ते नाव शेकडो जागी होतं. सगळीकडे एका झटक्यात बदल करणारी कमांड होती, पण तिच्यावर माझा काडीचा विश्वास नव्हता. शिवाय तीन जागी जुनंच नाव ठेवायचं होतं, कारण तिथे जुन्या नोंदींच्या टेपा वाचल्या जायच्या. म्हणून तांदूळ निवडावेत तसा मी एकेक जागा बघत निघालो. पहिला बदल हातानं करायचा. मग 'एन' दाबलं की कर्सर पुढच्या जागी जातो आणि टिंबाचं बटण दाबलं की तोच बदल तिथे पुन्हा होतो. नको असेल तिथे टिंब गाळून पुन्हा 'एन'. एन, टिंब, एन, टिंब. बोटांना त्याची लय लागायची.

शेजारच्या टर्मिनलवर नागपूरचे एक गृहस्थ बसत. राहायलाही आमच्याच बिल्डिंगमध्ये. माझ्याकडे गाडी नव्हती, म्हणून रोज सकाळी ते खाली दोनदा हॉर्न वाजवायचे आणि मी डबा घेऊन धावायचो. त्यांची बायको माझ्या बायकोला ड्रायव्हिंग शिकवत होती. सगळं छान चाललं होतं. मग बॉसनं सांगितलं की या वर्षी ग्रीन कार्डासाठी आम्हा दोघांपैकी एकाचेच पेपर्स कंपनी फाइल करेल. त्या दिवसापासून मी त्यांना पाण्यात पाहू लागलो. त्यांनी डब्यातली चटणी पुढे केली तरी मला वाटायचं, आज कशी काय आठवण झाली?

आणि मला हवा होता तसा पुरावा मिळाला. एका दुपारी काम संपवून, फाइल तशीच उघडी ठेवून मी जेवायला गेलो. परत येताना ते माझ्या खुर्चीतून उठताना दिसले. मी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी टेस्टमध्ये जुन्या टेपा वाचल्या जाईनात. बघतो तर ज्या तीन जागांना हात लावायचा नव्हता, नेमक्या त्याच बदललेल्या!

मी सरळ बॉसकडे गेलो. आरोप केला नाही, तेवढा मी हुशार. फक्त म्हणालो की माझ्या टर्मिनलवर कोण बसलं होतं ते मी पाहिलंय. बॉसनं मान हलवली. मला बरं वाटलं, हेही सांगून टाकतो.

पुढच्या आठवड्यात तसंच दुसरं काम निघालं. या वेळी फसायचं नाही असं ठरवून मी एक डोळा शेजारी ठेवला होता. ते कपात चहा ढवळत होते. एन, टिंब, एन, टिंब. मग नुसतं एन दाबायची जागा आली. बोट आपसूक टिंबावर पडलं आणि जे नाव राहायला हवं होतं ते माझ्यासमोर बदललं. म्हणजे मागच्या वेळीही हे माझंच बोट होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती मी दिली होती.

तो बदल एका बटणानं मागे घेतला आणि उठून बॉसच्या खोलीत गेलो. मी तोंड उघडायच्या आत बॉस हसून म्हणाला, अभिनंदन, पेपर्स तुझे जाताहेत. मी थँक यू म्हणालो आणि बाहेर आलो.

संध्याकाळी गाडीत ते म्हणाले, "काँग्रॅट्स हं! मनापासून सांगतो." मग जरा थांबून, "बॉसनं मला विचारलं होतं, तुमच्या टर्मिनलवर का बसलो म्हणून. अहो, सगळ्यांचं मशीन पाच मिनिटांत डाउन होणार असा मेसेज आला होता. तुमची फाइल सेव्ह नव्हती. सगळं काम गेलं असतं यार, म्हणून सेव्ह केली."

मला राहवलं नाही. "त्या तीन जागा माझ्याच हातून बदलल्या होत्या," मी म्हणालो. "आज कळलं."

"बॉसला सांगितलंत?"

"नाही."

त्यांनी मला नेहमीसारखं दाराशी सोडलं, गुड नाइटही म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा घेऊन खिडकीशी उभा होतो. त्यांची गाडी पार्किंगमधून निघाली, आमच्या दारावरून वळली आणि हॉर्न न वाजवता गेली.