पितृपक्षात गाडी नको

त्या गाडीचा विषय निघाला की आजही माझं डोकं फिरतं.

सातवा महिना लागला आणि डॉक्टरांनी माझी स्कूटर बंद केली. बिबवेवाडीतले रस्ते पाहता ते बरोबरच होतं. मग बाळ यायच्या आत छोटी, परवडणारी गाडी घ्यायचं ठरलं. नवरा, सासरे आणि मी शोरूममध्ये गेलो. दोघे पुढच्या सीटवर बसून स्क्रीनवर बोटं फिरवत राहिले. पोट सांभाळत मागच्या सीटवर चढून-उतरून पाहिलं ते फक्त मी. त्यांना आवडलेल्या गाडीचं मागचं दार इतकं अरुंद, की मला आत शिरताच येईना. सेल्समन म्हणाला, "मॅडम, थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे." मी म्हटलं, "नंतर बाळाला काय टपावर ठेवू?" शेवटी रुंद दाराची गाडी मी हट्टाने घ्यायला लावली.

ती आली ऐन पितृपक्षात. सासरे म्हणाले, "आत्ता आणायची नाही. घटस्थापनेला आणू." पैसे भरलेले, नंबर मिळालेला, आणि गाडी शोरूमच्या आवारात धूळ खात उभी. माझे तर दिवस भरत आले होते. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "अगं, आता बाबांशी कशाला वाद?" सासऱ्यांपेक्षा मला त्याचाच जास्त संताप आला. "आणि कळा आधीच सुरू झाल्या तर?" मी विचारलं. सासरे कॅलेंडरवर घटस्थापनेला किती दिवस राहिले ते मोजायला लागले.

व्हायचं तेच झालं. भरदुपारी कळा सुरू झाल्या. मोबाइलवर बोलावलेली एक रिक्षा रद्द झाली, दुसरी आलीच नाही. शेवटी नवरा रस्त्यात आडवा उभा राहून एक थांबवून घेऊन आला. खोदून ठेवलेल्या रस्त्यावर दर खड्ड्याला मी समोरची दांडी घट्ट धरत होते आणि रस्ता खोदणाऱ्यापासून शेजारी बसलेल्या नवऱ्यापर्यंत सगळ्यांचा उद्धार करत होते. आतून मात्र भयंकर घाबरले होते. बाळाला काही झालं असतं तर मी या घरात पुन्हा पाऊल टाकलं नसतं.

मुलगी झाली. सुखरूप. संध्याकाळी सासरे पेढे घेऊन आले, पाळण्यावर वाकले आणि डोळे पुसत म्हणाले, "लक्ष्मी आली गं घरात!"

"आली खरी, बाबा," मी म्हटलं. "पण पितृपक्षात आली. आत्ता घरी नेताय, की घटस्थापनेपर्यंत इथेच ठेवायची?"