न आलेल्या भावजयीचं सुतक

खलनायकाचे पिक्चर मला आवडत नाहीत. त्यातही कॉमिकच्या पुस्तकातून उचललेला, मुखवटा घालून अख्ख्या शहराची राखरांगोळी करायला निघालेला कोणी असेल तर मुळीच नाही. पण माझ्या धाकट्या भावाला असलेच पिक्चर लागतात. दर महिन्याला तो जानेफळहून तपासणीसाठी खामगावला माझ्याकडे येतो. डॉक्टरांकडून गोळ्या घेतल्या की आम्ही दोघं दुपारचा शो बघतो.

त्या दिवशीच्या पिक्चरमध्ये खलनायक स्वतःच आपली गोष्ट सांगत होता. घरी बायको आहे, ती त्याला समजून घेते, समोर बसून जेवते. शेवटाकडे तेच सगळे प्रसंग पुन्हा दाखवले, तिच्याशिवाय. ताट एकच, समोरची खुर्ची रिकामी. मागून कोणीतरी ओरडलं, "अबे, चुना लावला आपल्याले!" टॉकीजभर हशा पिकला. मला भावाकडे बघायचा धीर होईना. कारण त्याचंही असंच झालं होतं.

घरात त्याच्या लग्नाचा विषय निघाला तेव्हा त्यानंच सांगितलं होतं, मुलगी आहे म्हणून. हिवरा आश्रमाच्या अलीकडच्या एका गावातली, बसमध्ये ओळख झालेली. ती चिवड्यातले शेंगदाणे वेचून याला देते. तिला जांभळा रंग आवडतो. बाप तापट, पण मनाचा भोळा. खोटं बोलणाऱ्याची जीभ कुठेतरी अडखळते, याची कधी अडखळली नाही. मी तर मनातल्या मनात तिच्याशी दोनदा भांडूनही घेतलं होतं. नणंद ना मी!

बाबा, मामा, मी आणि तो, जीप करून गेलो. बरोबर नारळ, पेढे आणि मी घेतलेली जांभळी साडी. घर त्यानं सांगितलं होतं तसंच निघालं. दारात कडुनिंब, ओट्याला निळा रंग. फक्त त्या घरात मुलगी नव्हती. म्हातारं जोडपं होतं, त्यांना मुलगेच. बाबांची मान खाली गेली. पण त्या माउलीनं आम्हाला तसं जाऊ दिलं नाही. चहा केला आणि कप हातात देताना म्हणाली, "पोरगी असती तं तुमच्याच घरी देली असती हो भाऊ."

मी भावाकडे पाहिलं. तो आतल्या खोलीच्या दाराकडे बघून लाजत होता.

मग दर्गा झाला, उतारे झाले, कोणी काय काय सांगितलं ते सगळं झालं आणि शेवटी डॉक्टर. गोळ्या लागू पडल्या. आधी ती त्याच्याशी बोलेनाशी झाली, मग दिसेनाशी. सगळे म्हणाले, गंगेत घोडं न्हालं. आईनं सत्यनारायण घातला. आलेल्या-गेलेल्यांना प्रसादाचा शिरा त्यानंच वाढला, खाली मान घालून.

पिक्चर सुटल्यावर आम्ही रसवंतीवर बसलो. "बकवास होता," मी म्हणाले. त्यानं रसाचा ग्लास खाली ठेवला.

"ताई, तो काही लबाड नव्हता बोलत. त्याले दिसे ती."

"हाव रे."

"मंग ती गेल्यावर त्याले कोणी इचारलं काऊन नाही? लोकं हासून राह्यले होते." मग हळूच म्हणाला, "मले माहीत हाये, ती नव्हती. डॉक्टरनं सांगतलं, मले पटलं. पण गेली तं माहीच न? दुसऱ्याची बायको गेली तं लोकं बसाले येतात. माह्या घरी पूजा घातली."

मला त्या पिक्चरवाल्यांचा असा संताप आला म्हणता! तिला पुसून टाकलं आणि लगेच त्याच्या हातात बंदूक दिली. रडणारा खलनायक बघायला तिकीट कोण काढणार? माझ्या भावानं जन्मात मुंगी मारली नाही.

आमच्याकडे कोणी गेलं की त्या घरची चूल पेटत नाही. सोयरे-शेजारी पिठलं-भाकर करून आणतात, समोर बसून घरच्यांना दोन घास खायला लावतात. कडू घास म्हणतात त्याला. घरी पोचल्यावर, सकाळी त्याच्यासाठी केलेली वांग्याची भाजी मी तशीच झाकून ठेवली आणि शेजारणीकडे गेले.

"पिठलं-भाकर करून देता का? आज आमच्याकडे चूल नाही पेटवायची."

ती घाबरली. "कोण गेलं वो?"

"भावजय."

माझ्या भावाचं लग्न झालेलं नाही हे तिला ठाऊक होतं. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तवा ठेवला.

ताट घेऊन ती स्वतः आली, डोक्यावरून पदर घेऊन त्याच्यासमोर जमिनीवर बसली. भाकर मोडून त्याच्या हातात दिली. "खाय भाऊ. दोन घास तं खाय."

त्यानं ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. घास तोंडात गेला आणि तो रडायला लागला, मोठ्यानं, शेजारपाजारच्या घरांत ऐकू जाईल असा. आम्ही त्याला रडू दिलं.

बऱ्याच वेळानं शेजारणीनं विचारलं, बसायला आलेली माणसं विचारतात तसंच, "कशी होती हो?"

त्यानं डोळे पुसले.

"चिवड्यातले शेंगदाणे," तो म्हणाला, "वेचून मले दे ती."