इनासकाकांच्या इंजिनाचा हरवलेला आवाज

तमाम वाचकांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, वसईच्या पाचूबंदरासमोरच्या पाण्यात एका शिडाच्या होडीच्या इंजिनाचा आवाज हरवला आहे. वर्ण – दिसत नाही. बांधा – दणकट. अंगात – काही नाही. खूण – दर चौथ्या श्वासाला उचकी लागते. हरवण्यास जबाबदार इसम – प्रस्तुत लेखक. सापडल्यास कळवावे... पण जपून. मला तो एकदा सापडला होता, आणि तेव्हापासून असल्या गोष्टींवर हसणं मी जरा कमी केलं आहे.

तुम्ही म्हणाल, हा गृहस्थ पहिल्यापासूनच भुताखेतांच्या नादी लागलेला असणार. अजिबात नाही. माझा धंदा पत्र्याचा. घर चंदनसारला आणि सातिवलीत एक छोटी शेड. जनरेटरवर बसवायचे, आवाज दाबणारे खोके मी तिथे बनवत असे. आवाज येतो म्हणजे त्याला कारण असतं, आणि कारण सापडलं की त्यावर पत्रा ठोकता येतो – एवढंच माझं तत्त्वज्ञान. शेडमागच्या चिंचेवर कोणी बाई बसते असं कामगार सांगायचे, तेव्हा तिला ओव्हरटाइम मिळणार नाही, असं मी जाहीर करून ठेवलं होतं.

तर सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवचा हिवाळा. एक दिवस शेडवर पाचूबंदरचे इनासकाका आले. साठी उलटलेला कोळी माणूस, एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, दुसऱ्यात पिकायला आलेला. ऑपरेशनचं नाव काढलं की हे उठून होडी धुवायला जायचे. होडी शिडाची, पण वारा पडल्यावर अडायला नको म्हणून त्यांनी दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन बसवून घेतलं होतं. ते इंजिन इतकं बोंबलायचं की त्यांना समुद्र ऐकू येत नव्हता.

मला वाटलं, शांतता हवी असेल म्हाताऱ्याला. तसं नव्हतं. नजर अधू झाल्यापासून हा माणूस होडी कानाने घरी आणत होता! बंदराच्या तोंडाशी कासव नावाचा एक खडक आहे. भरतीत बुडतो, दिसत नाही. पण त्याच्यावर लाट फुटते तो आवाज उजव्या कानाला आला की वाट बरोबर, समोरून आला की चूक. इंजिनाच्या बोंबेत हे ऐकूच येईना. महिन्यापूर्वी होडी कासवाला घासून तळाची एक फळी गेली होती. त्यावर त्यांच्या बायकोने, सबिनाकाकीने, निकाल दिला होता – अजून एकदा खडकाला लागलात तर होडी विकून टाकीन. आणि सबिनाकाकी बोलली म्हणजे चर्चची घंटा वाजली. ती परत घेता येत नाही. काकांना घरी बसायचं नव्हतं. घरी बसलेला कोळी बायकोला बोंबील निवडून देतो, एवढंच ते म्हणाले.

मी बंदरावर गेलो. आधी दोघा मेकॅनिकांनी धुराच्या नळीचा सायलेन्सर बदलून पाहिला होता, फरक शून्य. मी काय केलं – एका फळीला गोणपाट गुंडाळलं आणि इंजिन जिथून हवा ओढतं त्या तोंडासमोर हातभर अंतरावर धरलं. बोंब एकदम अर्ध्यावर. सगळे धूर निघतो तिकडे बघत होते, आणि हे साहेब श्वास घेताना ओरडत होते! शिवाय त्यात ती उचकी – गूं, गूं, गूं, ग्वक्.

या कामाला विरोध होता तो एकट्या सबिनाकाकीचा. तिथे प्रत्येक घरची बाई आपल्या होडीचं इंजिन ओळखते. लांबून आवाज आला की हातातलं टाकायचं आणि चहा चुलीवर; आवाज कासवापाशी आला की पाटी आणि किटली उचलून बंदर गाठायचं. काकी मला म्हणाली, "मिस्त्री, आवाजच काढून टाकलास तर हा आला हे मना कळनार कसं?"

मी हसून म्हणालो, डोळ्यांनी बघायचं, काकी. तिने माझ्याकडे कालच्या बोंबलाकडे बघावं तसं पाहिलं.

पहिला खोका फसला. मी बारीक नळी लावली होती. इंजिन धापा टाकू लागलं, काळा धूर ओकू लागलं. "शेठ, याला दमा झाला," इनासकाका शांतपणे म्हणाले. मग दुसरा बनवला. आत जाड फोम, फोमचे तुकडे इंजिनात जाऊ नयेत म्हणून त्यावर भोकांचा पत्रा, रुंद नळी, आणि पाणी उडालं तरी आत जाऊ नये म्हणून तोंड मागे, खालच्या बाजूला. बसवला, हँडल मारलं... बोंब गायब. मागच्या नळीची नुसती धुप-धुप. काकांनी टोपी काढून कान पाण्याकडे केला. मग म्हणाले, "पानी ऐकू येतंय." असे म्हणाले, की मी हातातला पाना खाली ठेवला.

समुद्रातली चाचणी ठरली रविवारी, चर्चमधल्या सकाळच्या प्रार्थनेनंतर, म्हणजे मिस्सानंतर. रविवारी त्या गावातून एकही होडी बाहेर पडत नाही. चाचणी म्हणजे मासेमारी नव्हे, अशी काकांनी काकीची समजूत काढली होती. माझी हत्यारांची पेटी ठेवायला जागा हवी म्हणून मी नांगर बंदरावरच उतरवून ठेवला. हे लक्षात ठेवा... मी तर आजन्म विसरणार नाही.

ऊन छान होतं, भरती पुरी होती. अर्धा तास बाहेर गेलो, हौसेने शीड उभारलं, आणि वारा पडला. मग समुद्राकडून धुकं आलं. असं आलं की होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, ठेवलेली माझी चप्पल मला दिसेना. काका बिनधास्त होते. इंजिन हळू लावलं, मान तिरकी केली, कासवाची लाट ऐकू लागले.

लाट नव्हतीच.

पाणी तेलासारखं सपाट आणि कासव दीड हात पाण्याखाली. आम्ही दोघा शहाण्यांनी इंजिन गप्प केलं खरं, पण समोरूनही काहीतरी आवाज यायला हवा, हे दोघांपैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. थांबावं तर नांगर नाही. पाणी आता उतरायला लागून आम्हाला कुठेतरी नेत होतं. काकांचा चेहरा मी पाहिला. त्यांना बुडायची भीती नव्हती. भीती होडी गेल्यावर उरणाऱ्या दिवसांची होती.

आणि तेवढ्यात पुढून, डावीकडून, धुक्यातून आवाज आला. गूं, गूं, गूं, ग्वक्.

मी पहिल्यांदा खोका चाचपला. जागच्या जागी, क्लिपा घट्ट. कान लावला, आत नुसतं फुसफुसणं. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि इंजिन बंद केलं. आमच्या होडीत आता फक्त आमचे श्वास होते. पुढचा आवाज चालूच होता. तीच बोंब, तीच उचकी, चौथ्याला. थोडा पुढे गेला, मग थांबल्यासारखा झाला... ओळखीचं माणूस वळून बघत उभं राहतं तसा.

माझ्या अंगावर काटा आला, पण खरं सांगतो, भीती वाटली नाही. चर्चमध्ये सगळे एकदम उठून उभे राहतात तेव्हा आपणही उठतो ना, तसं काहीतरी आत झालं.

काकांनी छातीवर क्रूसाची खूण केली, इंजिन पुन्हा चालू केलं आणि सुकाणू डावीकडे दाबलं. आवाज वळला की आम्ही वळायचं, एवढंच. एकदा उजव्या बाजूला, वल्ह्याएवढ्या अंतरावर, पाण्याचा रंग काळपट झालेला दिसला आणि मागे सरकला. ते कासव होतं. पुढे तो आवाज सरळ लांब गेला, बारीक झाला आणि थांबला. त्यानंतर किती वेळ आम्ही तसेच हळूहळू गेलो कोण जाणे. धुक्यातून बंदराचा धक्का वर आला. धक्क्यावर सबिनाकाकी उभी होती, हातात चहाची किटली. मी घाईने एक कप ओतून घेतला. चहा पार निवलेला होता.

नंतर मी सगळं तपासलं. त्या दिवशी दुसरी होडी बाहेर नव्हती. अख्खं गाव मिस्सानंतर घरी. तसं इंजिन बंदरात आणखी दोघांकडे होतं, पण उचकी एकालाही नाही. प्रतिध्वनी म्हणावा तर आमचं इंजिन बंद होतं. भास म्हणावा तर दोघांना एकच? आणि धक्क्यावरच्या तिसरीचं काय? पुढच्या वर्षी काकांनी मुकाट्याने डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं आणि त्याच होडीवर, त्याच खोक्यासह, आणखी सात वर्षं काढली. आवाज परत कधी आला नाही. पत्रा ठोकता येईल असं कारण मला आजतागायत सापडलेलं नाही.

फक्त त्या सकाळी होडी धक्क्याला टेकली तेव्हा सबिनाकाकी वैतागून जे बोलून गेली, ते जसंच्या तसं इथे ठेवतो. तिने होडीत पाहिलं, मागे धुक्यात पाहिलं, आणि म्हणाली –

"आवाज कवाचा येऊन थांबलाय हितं. तुमी दोघं मागं कुठं रायलात?"