देवमाशांची डॉक्टर आणि घरचा बैल

मी मेलेल्यांची डॉक्टर आहे. पशुवैद्यकीची पदवी घेतली, पुढे विकृतिशास्त्र घेतलं, म्हणजे जनावर कशानं मेलं ते त्याला उघडून शोधायचं शास्त्र. त्यातही वाट्याला आले समुद्रातले सस्तन प्राणी, डॉल्फिन आणि देवमासे. दारव्ह्याजवळच्या खेड्यातल्या मुलीनं हे का करावं, हे मला इतक्यांनी विचारलंय की उत्तर देणंच मी सोडलं. आमच्याकडे मोठं पाणी म्हणजे धरणाचं, आणि तेही उन्हाळ्यात तळ दाखवतं.

काम कोकणच्या किनाऱ्यावर. पावसाळ्यात समुद्र खवळला की फोन यायचा, मासा किनाऱ्याला लागलाय. मी पोचेपर्यंत तो फुगलेला असायचा. भोवती गर्दी, फोटो काढणं, कुणीतरी हळदकुंकूही वाहिलेलं. मी पहिली चीर दिली की वासानं सगळे पांगायचे आणि मग तो आणि मी. फुप्फुसात जंत सापडायचे, जठरात जाळ्याचे तुकडे, पुष्कळदा काहीच नाही, कारण सडलेलं शरीर काही सांगत नाही. अहवाल लिहून पाठवायचा. त्याला उत्तर आल्याचं मला आठवत नाही. खोलीवर परतलं की घरमालकिणीनं न्हाणीच्या दाराशी वेगळा साबण ठेवलेला असायचा. बाई वाईट नव्हती, पण माझ्या ताटाशेजारी तिनं कधी ताट मांडलं नाही.

माझ्या कामाबद्दल मनापासून विचारणारा जगात एकच माणूस होता, माझे बाबा. संध्याकाळी फोन लावून ते आधी विचारायचे, आज कोण मेलं? मग कशानं मेलं? डॉल्फिन पिलाला दूध पाजते हे ऐकल्यावर त्यांनी बराच वेळ विचार करून विचारलं होतं की मग ते काढते कोण. मी हसत सुटले, तेही हसले. दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर बसून त्यांनी समुद्रातल्या दुभत्या जनावराची गोष्ट साऱ्या गावाला सांगितली. आईला हे बोलणं चालायचं नाही, जेवणवेळेला मढ्यांच्या गोष्टी कशाला म्हणून ती उठून जायची. आम्ही दोघं बोलत राहायचो. तो फोन नसता तर मी त्या किनाऱ्यावर टिकले नसते, हे मी खरंच सांगते.

ती वर्षं बोंडअळीची होती. श्रावण-भादव्यात गावात शिरलं की आधी फवारणीचा वास यायचा, मग माणसं दिसायची. घराघरांत औषधाचे डबे, परसात रिकामे, पडवीत भरलेले. कुणी सांगितलं की हे मारा, की लोक ते मारायचे, त्यात आणखी एक मिसळायचे. बाबांची आठ एकरांत पऱ्हाटी, म्हणजे कपाशी होती, थोडी तूर होती. गावातल्या बहुतेकांनी बैल विकून ट्रॅक्टर भाड्यानं सांगायला सुरुवात केली होती, पण बाबांनी जोडी ठेवली होती. पांढरी, उंच, नजर लागावी अशी. पोळ्याच्या तोरणाखाली ती जोडी उभी करायची हा त्यांचा वर्षाचा सण होता, दिवाळी त्यापुढे काहीच नाही.

त्या वर्षी मला पोळ्याला सुट्टी मिळाली. आदल्या दिवशी दुपारी दारव्ह्याहून जीपनं घरी पोचले. संध्याकाळी खांदशेकणी होती, म्हणजे वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला तूप-हळद चोळून पळसाच्या पानानं शेक द्यायचा आणि बैलाला उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. बाबांनी सकाळीच जोडी नाल्यावर धुवून आणली होती. तुपाची वाटी घेऊन ते गोठ्यात गेले आणि लगेच मला हाक मारली.

उजवीकडचा बैल थरथरत होता. तोंडातून लाळेची तार जमिनीला टेकलेली. मी त्याच्या डोळ्यांत पाहिलं, बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्या होत्या. मानेशी तोंड नेलं तर कातडीला साबणाचा वास नव्हता, शेताचा होता, फवारणीच्या दिवसाचा. माझ्या पिशवीत सुऱ्या होत्या, हातमोजे होते, नमुन्यांच्या बाटल्या होत्या. औषध एकही नव्हतं, माझ्या पेशंटना ते लागत नाही. दारव्ह्याच्या डॉक्टरांना फोन केला, ते निघालेच, पण बैल त्यांच्यासाठी थांबला नाही.

आळी जमली. पान लागलं, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. आमच्याकडे दिवेलागणीला सापाचं नाव घेत नाहीत, पान लागलं म्हणतात. कुणीतरी म्हणालं, घरात एवढी डॉक्टर हाय तर चिरून पाहा ना. बाबा एकदम आडवे आले. म्हणाले, घरच्या बैलाला सुरी लावत नाहीत, त्याला शेताच्या बांधाला, धुऱ्यावर, मीठ घालून पुरतात, आणि ते खरंच होतं. मला सुटल्यासारखं वाटलं. उघडायची गरजच नव्हती, मला कळलेलं होतं. गप्प बसले असते तर गोष्ट सापावर निभावली असती.

पण दुसरा बैल जिवंत होता. त्याच्याही तोंडाला लाळ सुरू झाली होती. मी बादली आणि साबण घेऊन त्याला घासायला लागले. बाबा जवळ आले.

"याले काहून धुवून राह्यली?"

मी विचारलं, सकाळी अंगाला काय लावलं? ते म्हणाले, गोचिड लय झाल्ते. उद्या तोरणाखाली उभे राहतील, अंगावर गोचिड बरे दिसत नाही, म्हणून पऱ्हाटीचं औषध फडक्यानं चोळलं. अळी मरते तर गोचिड मरणारच. पाणी कशाला घालायचं म्हणून घातलं नाही. दुसऱ्यापर्यंत डबा संपत आला होता, त्याला थोडंच लागलं.

"त्यानंच मेला," मी म्हणाले. "कातडीतून गेलं ते अंगात."

मी हे जसं अहवालात लिहिते तसंच म्हटलं. मला दुसरी रीत येत नाही. बाबांनी साबण माझ्या हातून घेतला आणि बैल घासायला लागले. डॉक्टर आले, इंजेक्शन दिलं, हातपाय साबणानं धुवा म्हणून बाबांनाही बजावलं. बैल वाचला. रात्री आईनं ताटं वाढली आणि तशीच उचलली.

पोळ्याच्या दिवशी बाबांनी एकटा बैल तोरणाखाली नेला. झूल नाही, शिंगाला बेगड नाही. मी मागे उभी होते. लोक पान लागल्याचं बोलत होते, हळहळत होते. बाबा मध्ये गेले आणि म्हणाले, "पान नाही लागलं. माह्या हातानं मेला. फवारणीचं औषध जनावराले लावू नका." एवढंच. वाजंत्री वाजवणारेही थांबले. मग रांगेतून एकजण आपली जोडी घेऊन नाल्याकडे चालायला लागला, त्याच्यामागून आणखी एक. पोळा फुटून जोड्या घरोघर सुटायच्या आतच ते बैल पुन्हा धुतले गेले. मला बाबांचा इतका अभिमान वाटला की मी जाऊन त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला, रागानं नाही, जरा काम आहे अशासारखा.

दोन दिवसांनी मी निघाले. बाबा पिशवी घेऊन फाट्यापर्यंत आले. जीप भरेपर्यंत आम्ही कडुलिंबाखाली उभे होतो. मी म्हणाले, तुम्ही सांगितलं म्हणून बाकीचे बैल वाचले. त्यांनी मान हलवली. मी म्हणाले, ठाऊक असतं तर तुम्ही लावलं असतं का? तेव्हा ते बोलले, हळू, मला लागू नये असं.

"तुह्ये मासे बरे, बाई. तू सांगते कशानं मेला, पण ऐकाले तिथं त्याचा मालक नसते."

जीपवाल्यानं हाक मारली. त्यांनी पिशवी माझ्या मांडीवर ठेवली, दार लावलं, नीट लागलं का ते ओढून पाहिलं. दारव्हा येईपर्यंत मी रडत होते आणि शेजारची बाई समोर बघत होती.

त्यानंतर मी पुष्कळ डॉल्फिन उघडले, एक देवमासाही, किनाऱ्यावर आडवा, घराएवढा. त्या दिवशी मीच फोन लावला. बाबा म्हणाले, हो का. मग त्यांनी विचारलं, तिकडं पाऊस आहे का. मी म्हटलं, आहे.