एक झाकण शेवाळ

मोठ्या बाबांना लकवा झाला तेव्हा ते ओट्यावर चहा पीत होते. कप हातातून सुटला, फुटला, आणि ते नुसते त्या कपाकडे बघत राहिले. उचलायचं त्यांच्या मनात होतं, पण हात ऐकत नव्हता. मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. मोठी आई गेल्यापासून ते आमच्याच घरी. मूलबाळ नाही. त्या दिवसापासून त्यांची उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. तोंड वाकडं झालं ते झालंच. पाणी पाजलं तरी अर्धं त्या वाकड्या बाजूने गळून सदऱ्यावर यायचं.

त्यांना भरवायचं काम बाबांनी कोणाला करू दिलं नाही. सकाळी दुधात कुस्करलेली भाकर, दुपारी वरणभात, संध्याकाळी पुन्हा तेच. शेतात निंदण चालू असो की फवारा, बाबा वेळेवर घरी यायचे, हात धुऊन खाटेच्या काठावर बसायचे. आई म्हणायची, "मी काय त्याईले उपाशी ठेवीन काय?" बाबा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. लहानपणी त्यांची आई गेली तेव्हा या भावानेच त्यांना हाताने चारलं होतं, एवढं मला ठाऊक होतं. त्याबद्दल ते कधी बोलले मात्र नाहीत.

बाबांना बीपी होतं. रोजची गोळी होती, ती ते नेमाने घ्यायचे. पण भावाला बघून त्यांच्या मनात भीती बसली. डॉक्टरांनी आम्हाला सांगून ठेवलं होतं की शंका आली तर माणसाला हसायला लावा, दोन्ही हात वर करायला लावा, बोलायला लावा. बाबा रोज सकाळी गोठ्याच्या खुंटीला टांगलेल्या आरशासमोर उभे राहून हे तिन्ही करायचे. एकदा मी अचानक मागून गेले तर हात वर करून आरशात दात दाखवत होते. मला हसू फुटलं. ते ओशाळले नाहीत. म्हणाले, "मले काई झालं त भाऊले कोन चारन?"

माझी एक वाईट खोड आहे. भीती वाटली की मी थट्टा करते. दारव्ह्याला शाळेत शिकवते, तिथेही मुलं मला हसरी मॅडम म्हणतात. त्यांना माहीत नाही की तपासणीचे साहेब आले की मी सर्वांत जास्त विनोद करते. तशीच मी दर रविवारी गावी जायचे, खाटेवरच्या मोठ्या बाबांकडे बघायचे, आणि घरभर टिंगल करत फिरायचे.

त्या वर्षी सोयाबीन फुलावर असताना बाबांनी कृषी केंद्रातून एक कॅन आणली होती. समुद्री शेवाळाचा अर्क. झाडाला जोम येतो, फूल गळत नाही, असं दुकानदाराने सांगितलं होतं. कॅनवर निळ्या लाटेचं चित्र होतं. आमच्या घरात समुद्र कुणी पाहिलेला नव्हता, म्हणून आईने ती कॅन उघडून वास घेतला आणि नाक दाबून म्हणाली, "बाप्पा! असा असते काय समुद्र?" बाबा मात्र खूश होते. फवाऱ्यानंतर आठ दिवसांत पिवळं पडलेलं सोयाबीन काळंभोर हिरवं झालं. ते मला बांधावर नेऊन दाखवायचे, "पाय, मरून राह्यलं होतं. उठून उभं झालं."

अशाच एका रविवारी मी पेपर वाचत होते. आतल्या पानावर बातमी होती की ज्या देशांत लोकांच्या रोजच्या जेवणात समुद्री शेवाळ असतं, तिथे ते खाणाऱ्यांना हृदयविकार आणि पक्षाघात कमी होताना दिसतो. मी वरच्या दोन ओळी मोठ्याने वाचल्या आणि म्हटलं, "घ्या बाबा, सगळं सोयाबीनलेच नका पाजू. एक झाकण तुमीबी घ्या, एक मोठे बाबाले द्या. उठून उभे होतीन." आई हसली. मीही हसले. बाबांनी विचारलं, "कितीक खातेत थे लोकं?" मी म्हटलं, "रोज खातेत. मनून त ठणठणीत आहेत." पेपरची घडी घालून मी भाकरी थापायला बसले.

त्यानंतरचे तीन रविवार परीक्षेच्या कामात गेले. चौथ्या रविवारी सकाळी मी गावी पोचले तेव्हा बाबा पडवीत भिंतीला टेकून बसले होते. अंगावरचा सदरा घामाने चिंब, तोंडातून लाळ गळत होती, समोर उलटी पडलेली. आई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती. म्हणाली, "दोनचार दिवसापासून मळमळ चालू आहे मनत होते. आज चहाबी ठयरला नाई."

लाळ बघितली. मला दुसरं काही सुचलंच नाही. लकवा. शेजारच्या काकांची गाडी दारात होती, त्यांनी बाबांना उचलून मागच्या सीटवर ठेवलं. मोठ्या बाबांना एकटं सोडता येत नव्हतं, म्हणून आई घरीच थांबली. मी बाबांचं डोकं मांडीवर घेतलं.

बारा किलोमीटरचा रस्ता. मी सारखी ओरडत होते, "बाबा, हासा. हासून दाखवा." ते हसले. दोन्ही बाजूंनी सारखे हसले. "हात वर करा." दोन्ही हात वर गेले, पण थरथरत होते आणि दंडाचं मांस कातडीखाली आपोआप फडफडत होतं. "बोला काईतरी." ते म्हणाले, "गाडीत उलटी होईन, पोरी, थांबव." सगळं जमत होतं आणि तरी माणूस हातातून चालला होता. लकव्याची भीती मला ओळखीची तरी होती. हे काय होतं तेच कळत नव्हतं, आणि त्याने मी जास्त घाबरले.

दारव्ह्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी बाबांच्या डोळ्यांत बॅटरी मारली. एकदा, दोनदा. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात विचारलं, "औषध घेतलं का यांनी?"

आमच्याकडे या प्रश्नाचा एकच अर्थ होतो, जीव द्यायला फवारणीचं औषध प्यालेत का. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "माझे वडील त्यातले नाहीत. भावाला भरवल्याशिवाय ते घरातून पाय बाहेर टाकत नाहीत, ते कशाला घेतील?" डॉक्टर शांतपणे म्हणाले, "बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या आहेत. कीटकनाशक पोटात गेलंय. कुठलं ते सांगा, वेळ घालवू नका." नर्स सुई भरत होती.

मी बाबांच्या तोंडाशी वाकले. ते म्हणाले, "औषध नाई घेतलं, माय. शेवाळ घेऊन राह्यलो. तू सांगतलं थे. रोज एक झाकण, गिलासभर पान्यात."

मला आधी काही समजलंच नाही. मग समजलं आणि कानात गरम शिसं ओतल्यासारखं झालं. मी विचारलं, "झाकण कोनतं बाबा?"

झाकण कोणतं, हे विचारायची खरं तर गरज नव्हती. आमच्या घरी एकच माप आहे. फार वर्षांपूर्वीच्या कुठल्या तरी बाटलीचं मोठं निळं झाकण, दोरीने खिळ्याला टांगलेलं. अळीचं औषध त्यानेच मोजायचं, तणनाशक त्यानेच, पिकाच्या जोमाचं टॉनिकही त्यानेच. फवाऱ्याच्या पंपाला दोन झाकणं, पंपाला तीन झाकणं. माझ्या आजोबांनी असंच केलं, गावात सगळे असंच करतात. मोजून झालं की झाकण झटकायचं आणि पुन्हा खिळ्याला. आदल्या संध्याकाळी बाबांनी कपाशीवर अळीचं जहाल औषध मारलं होतं, आणि त्या आठवड्यात त्याआधीही दोनदा. झाकण धुतलं होतं का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "झटकलं होतं."

मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. मी सांगितलं की हे मीच म्हटलं होतं, थट्टेत. त्यांनी मान हलवली आणि सुई दिली. मला वाटलं होतं ते रागावतील. त्यांना तेवढी फुरसत नव्हती.

तेवढ्यात बाबांनी माझं मनगट धरलं. त्यांचे ओठ हलत होते. मी कान जवळ नेला.

"भाऊलेबी देल्लं आज."

मी आईला फोन लावला.  आई म्हणाली, "निजले आहेत." मी म्हटलं, "घाम आहे काय अंगाले?" आई म्हणाली, "ऊन किती आहे, घाम नसन काय?" "तोंडातून लाळ गळते?" "थे त रोजच गळते व." मी ओरडले, "आई, मोबाईलचा लाईट लाव, डोया उघडून पाय, आतली बाहुली मोठी आहे का बारीक?"  ती रडवेल्या आवाजात म्हणाली, "मले काय समजते बाहुलीतलं? तू काहून अशी करून राह्यली? तुया बाबाले काय झालं?"

ज्या माणसाला मळमळतंय हे सांगता येत नाही, पोट दुखतंय म्हणून हाक मारता येत नाही, त्याला आम्ही विष पाजलं होतं आणि त्याच्याकडे बघून कुणाला काही कळायला मार्ग नव्हता. शेजारचे काका मोठ्या बाबांना आणायला लगेच गाडी घेऊन परत गेले. ते जाऊन येईपर्यंत मी दवाखान्याच्या पायरीवर बसून होते. आत बाप, वाटेवर मोठा बाप, आणि मधे मी. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नाही, आणि त्या दिवशी एकही विनोद सुचला नाही.

मोठे बाबा आले. डॉक्टरांनी तपासलं, सुई दिली, आणि म्हणाले की यांच्या पोटात फार गेलेलं दिसत नाही. सोबत आलेल्या आईने सांगितलं की सकाळी सदरा पार भिजला होता, बदलावा लागला. त्या वाकड्या तोंडातून अर्ध्याहून जास्त गळून गेलं होतं. दोघांनाही अँब्युलन्समधून यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. बाबा चार दिवस आयसीयूच्या काचेच्या दारामागे होते. पहिले दोन दिवस डॉक्टर काहीच नक्की सांगत नव्हते.

त्या दिवसांत मी ती बातमी शोधून पूर्ण वाचली. खाली स्पष्ट लिहिलं होतं की हे ताटात वाढून खायच्या शेवाळाबद्दल आहे, त्यानेच फरक पडतो हे अजून पक्कं नाही, आणि जास्त खाल्लं तर त्यातल्या आयोडीनने अपायही होतो. सगळं होतं. मी दोन ओळींवर थांबले होते.

सहाव्या दिवशी दोघे घरी आले. बाबा वाळून गेले होते, पण चालत होते. निळं झाकण मी आल्या आल्या खड्डा करून पुरलं. आईने दुधात भाकर कुस्करली आणि सवयीने वाटी बाबांच्या हातात दिली. ते खाटेच्या काठावर बसले. मोठ्या बाबांनी त्यांना बघितलं आणि काय आणलंय ते न बघताच तोंड उघडलं.

बाबांचा हात वाटीतच राहिला. मी म्हटलं, "दूधच आहे बाबा, मी चाखून पायलं." त्यांनी मान हलवली. पुन्हा घास घेतला, अर्ध्यावर नेला, पुन्हा खाली ठेवला. मोठे बाबा तोंड उघडं ठेवून वाट बघत होते.

बाबा उठले, वाटी माझ्या हातात दिली. म्हणाले, "तू चार. माया हातानं आता नाई होत."

त्याला आता वर्ष होत आलं. एरवी आई भरवते, रविवारी मी भरवते. बाबा हात धुऊन वेळेवर येतात आणि दारातच उभे राहतात. मोठे बाबा अजून आधी त्यांच्याकडे बघूनच तोंड उघडतात.